निळू फुले यांच्यावर चरित्रलेख लिहायचा तर

निळू फुल्यांवरचे बहुतेक लेख एकाच साच्यातले असतात. आधी खलनायकाच्या भूमिकांची जंत्री, मग पुरस्कार आणि शेवटी ‘सामाजिक कार्य’ म्हणून सहा ओळी. हा साचा पहिल्याच दिवशी मोडा. निळूभाऊंमधला नट आणि त्यांच्यातला कार्यकर्ता एकाच ठिकाणी, राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेच्या कलापथकात, म्हणजे गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या चमूत घडला. पुढाऱ्यांवरची सोंगं त्यांनी पडद्यावर जाण्याआधी कितीतरी वर्षं लोकांपुढे वठवली होती. लेख इथून सुरू झाला तरच पुढच्या भूमिकांचा उलगडा होतो.

लिहायच्या आधी तक्ता करा. फुलस्केप कागद आडवा धरून चार रकाने आखा: साल, रंगमंच, पडदा, चळवळ. पडद्याचा रकाना तासाभरात भरतो आणि चळवळीचा बराच काळ रिकामा राहतो. कारण साधं आहे. चित्रपटाची जाहिरात छापून येते, कलापथकाच्या दौऱ्याची येत नाही. म्हणून चौथ्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. सेवा दलाच्या स्मरणिका, ‘साधना’ साप्ताहिकाचे जुने अंक, शिबिरांच्या फोटोंमागे पेनाने लिहिलेली गावांची नावं यांतून तो भरत जातो. चित्रपटांसाठी पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जाताना चित्रपटांची नावं सालासकट लिहून न्या. ‘निळू फुल्यांचं काय आहे?’ एवढंच विचारलंत तर दिवस वाया जाईल.

सालांच्या बाबतीत हमखास घोटाळा होतो. जन्मवर्ष १९३० असंही छापलेलं सापडतं आणि १९३१ असंही. ‘सामना’ हा चित्रपट काही याद्यांत १९७४चा असतो, काहींत १९७५चा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, प्रदर्शन आणि पुरस्कार यांची वर्षं वेगळी असू शकतात, म्हणून प्रत्येक सालापुढे ते कशाचं आहे हे कंसात लिहा. बर्लिनच्या महोत्सवात ‘सामना’ १९७५ साली गेला. तिथे गोंधळ नाही. ऐकीव तपशिलाला दोन स्वतंत्र आधार हवेत. सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करताना ऐंशी रुपये पगारातले दहा रुपये ते सेवा दलाला देत, हा तपशील लेखामागून लेखात येतो. पण दहा लेखांनी एकाच लेखावरून उतरवून घेतलं असेल तर तो आधार एकच धरायचा.

आता कलापथक. लेखाचा चौथा हिस्सा तरी इथे खर्च करा. वाचकाला आधी तमाशाची चौकट सांगा: गण (गणेशस्तवन), गवळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य). सोंगाड्याला बतावणीत आणि वगात आयत्या वेळी बोलायची मुभा असते, आणि त्या दिवशीच्या राजकारणावर तो बोट ठेवतो. कलापथकाने ही चौकट प्रबोधनासाठी वापरली. पु. ल. देशपांड्यांनी सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिलेल्या ‘पुढारी पाहिजे’मधली निळूभाऊंची रोंग्याची भूमिका गाजली. पुढे शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं आणि १९६८मध्ये अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून ते पडद्यावर आले. हा क्रम उलटा लावला की तमाशातून आलेला एक खलनायक एवढंच चित्र उरतं, आणि ते अपुरं आहे.

चित्रपट पाहण्याचा क्रमही ठरवून घ्या. सव्वाशे नावांची यादी देण्यापेक्षा मोजके चित्रपट नीट पाहणं बरं, आणि प्रत्येक दोनदा: पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा फक्त निळूभाऊंकडे बघत. जब्बार पटेलांच्या ‘सामना’पासून सुरुवात करा. साखर कारखान्याच्या जोरावर अख्खा गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे-पाटील ते करतात. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं पुढे काय झालं, हे विचारत राहणारा मास्तर डॉ. श्रीराम लागू करतात. दुसऱ्यांदा बघताना हिंदुराव मास्तरशी किती अगत्याने वागतो ते टिपा. त्याची दहशत त्या पाहुणचारात आहे. ग्रामीण सत्ता आरडाओरडा न करता कशी चालते, हे जवळून पाहिलेल्या माणसालाच असं जमतं. लगेच ‘सिंहासन’ (१९७९) लावा. इथे तेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे वार्ताहर आहेत. सत्तेचा खेळ बघत बघत तो माणूस आतून मोडत जातो. सत्ता भोगणारा आणि तिचा साक्षीदार, दोघंही एकाच नटाचे. तुमच्या लेखातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच, त्यामुळे इथे हात आखडू नका. हिंदी ‘सारांश’मधला गजानन चित्रे शहरी राजकारणातल्या दांडगाईसाठी पाहा. ‘कुली’चा उल्लेख एका ओळीत पुरे.

तक्त्यातल्या १९७२च्या ओळीवर थांबा. त्या एका वर्षात व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ आहे आणि विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटकही. कमलाकर सारंगांनी बसवलेल्या या नाटकात सखाराम निळूभाऊंनी केला. नाटकावर बंदी आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नाटकाचं ध्वनिचित्रमुद्रण नसलं तर अभिनयाचं वर्णन मनाने रचू नका. प्रयोग पाहिलेल्यांना विचारा आणि तेही नेमकं: आवाज कोणत्या प्रसंगी खाली आला, नाटकातली चंपा समोर असताना सखाराम उभा कुठे होता. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘अप्रतिम’ एवढंच उत्तर येतं.

सामाजिक कृतज्ञता निधीबद्दल लिहिताना तो चालायचा कसा ते सांगा. नामवंत कलावंत विनामोबदला ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत. जमलेली रक्कम मुद्दल म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, अशी ही योजना. ‘सामना’त समोरासमोर उभे असलेले लागू आणि फुले इथे खांद्याला खांदा लावून आहेत. हा संबंध वेगळ्या परिच्छेदात टाकू नका, ‘सामना’च्या शेजारीच ठेवा.

‘बाई, वाड्यावर या’ हा संवाद लेखात घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. नकलाकारांनी तो इतका घासला आहे की मूळ कुणी विचारत नाही. चित्रपटाचं नाव आणि प्रसंग स्वतः पाहिला असेल तरच लिहा, नाहीतर गाळा.

तीन हजार शब्दांच्या लेखात बालपण आणि माळीकाम चारशेत आटपा. १९९१चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार एका वाक्यात येतो. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात झालेल्या निधनासाठी एक परिच्छेद पुरतो. आजारपणाचे तपशील नकोत. छपाईला देण्याआधी फोटोओळी मूळ फोटोशी पुन्हा ताडून पाहा. कलापथकाच्या समूहफोटोत ‘डावीकडून’ लिहिताना फोटो उलटा छापलेला नाही ना, हे शर्टाच्या खिशावरून कळतं. खिसा बहुधा डाव्या छातीवर असतो.