गिट ब्लेमचं आउटपुट स्क्रिप्टने वाचताना लेखकाचं नाव गायब, ते कसं सुटलं

कुठली ओळ कोणी लिहिली हे मोजायला स्क्रिप्ट लिहिली होती, आधी साधं गिट ब्लेम (फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कोणी, कधी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) वाचत होतो पण नावात स्पेस आली की कॉलम सरकायचे, म्हणून पोर्सलेन ऑप्शन (--porcelain, स्क्रिप्टला वाचायला सोपं आउटपुट देणारा) लावला तर निम्म्या ओळींना लेखकच नाही! दोन दिवस गेले यात. मग कळलं की पोर्सलेनमध्ये ऑथर, वेळ, समरी ही माहिती प्रत्येक कमिटसाठी (गिटमध्ये नोंदवलेला एक बदल) एकदाच येते, त्याच कमिटची ओळ पुन्हा आली की फक्त ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) आणि ओळ नंबर. मी हॅशनुसार माहिती साठवून ठेवली, झालं काम. साठवायचं नसेल तर लाइन-पोर्सलेन (--line-porcelain) वापरा, त्यात प्रत्येक ओळीला सगळं येतं, आउटपुट मोठं होतं एवढंच. आणि हो, कोडची खरी ओळ टॅबने सुरू होते, तीच खूण धरा.