कॉन्टेसा ओरिजिनल ठेवायची का आपल्या मनासारखी करायची? ग्राइंडर लावायच्या आधी हे बघा

जुनी कॉन्टेसा दारात आली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कंपनीतून निघाली तशीच ठेव, स्क्रूसुद्धा बदलू नको. दुसरी म्हणते मॅट ब्लॅक मार, बोनेटवर पांढरे पट्टे ओढ, मागं जाड टायर टाक, झाली आपली मस्टँग, ती फोर्डची अमेरिकन गाडी. लगेच दोघांचंही ऐकू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की जे पाना लावून परत काढता येतं ते बिनधास्त करा, आणि ज्याला ग्राइंडर नाहीतर वेल्डिंग लागतंय तिथं जरा थांबा.

आता कॉन्टेसाला आपल्याकडं मसल कार म्हणतात ते तिच्या तोंडाकडं बघून, लांब बोनेट, चार गोल हेडलाइट, रुंद बसकी बॉडी. अमेरिकेतली मसल कार म्हणजे १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ वगैरे, मधल्या साइजच्या गाडीत मोठं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन कोंबलेलं. आपली गाडी म्हणजे व्हॉक्सहॉलच्या विलायती मॉडेलवरून हिंदुस्तान मोटर्सनं उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ पासून काढलेली, आणि सुरुवातीला आत इंजिन अँबेसिडरचंच होतं, १५०० सीसीच्या आतलं, ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. नंतर इसुझूचं १.८ पेट्रोल आलं तेव्हा कुठं गाडीत जीव आला. २००२ ला सगळंच बंद पडलं. म्हणजे नवीन पार्ट कंपनीकडून यायचा विषयच नाही, जे काही मिळतंय ते भंगारातून, नाहीतर दुसरी कुणाची तरी गाडी मोडल्यावर. त्यामुळं एकदा कापलेला पत्रा परत आणणार कुठून, हा प्रश्न कापायच्या आधी डोक्यात पाहिजे.

पहिलं काम रंगाचं नाही, तपासायचं. कारण बऱ्याच जणांची गाडी ते म्हणतात तेवढी ओरिजिनल नसतेच. सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत (मे महिन्यात तर नऊनंतर बोनेटला हात लावून दाखवा) एक साधा फ्रिजला लावतात तसला मॅग्नेट घ्या, त्याला पातळ कपडा गुंडाळा म्हणजे ओरखडे पडत नाहीत, आणि दरवाज्याच्या खालच्या कडेनं हळूहळू सरकवत न्या. पत्रा असला की मॅग्नेट हाताला ओढतो, कळतं. जिथं एकदम ढिला पडतो, घसरून हातात येतो, तिथं खाली लांबी भरलेली आहे, म्हणजे पुट्टी. मागच्या चाकाच्या कमानीवर, दरवाज्याच्या खाली, डिकीच्या तळाला असं सगळीकडं फिरवा आणि जिथं ढिला पडला तिथं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. तासाभरानं लांब उभं राहून बघा, गाडीवर टेपच टेप दिसली तर ओरिजिनल ओरिजिनल म्हणून भांडण्यात काही अर्थ नाही, तो कार्यक्रम आधीच कुणीतरी उरकलाय.

मग कंपनीचा रंग शोधा. बाहेरून नाही सापडणार. दरवाज्याचं रबर थोडं सोडवून त्याच्या मागं बघा, मॅटखाली, मागचं सीट काढल्यावर त्याच्या पाठीमागं, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, डिकीच्या अस्तराआड. रंगवणारा आळशी असतो आणि ते आपल्या फायद्याचं असतं. जो रंग सापडेल त्याचा फोटो उन्हात काढा, ट्यूबलाइटखाली नको. चॅसी नंबर, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. अमेरिकेतले लोक याला मॅचिंग नंबर्स म्हणतात, म्हणजे गाडीत कंपनीनं बसवलेलंच इंजिन अजून आहे, आणि तिकडं यावर किंमत लै फिरते. आपल्याकडं तेवढं कुणी बघत नाही पण नंबर जुळला नाही तर आरटीओत तुम्हालाच हेलपाटे.

यात तीन प्रकारच्या गाड्या निघतात. एक, रंग कंपनीचा, इंजिन तेच, आतलं रेक्झिन तेच, एकाच घरात वाढलेली. अशी सापडली तर हात जोडून सांगतो रंगवू नका. थोडा उडालेला, फिका पडलेला रंग असू दे, पॉलिश करा, गंज जिथं आहे तिथं थांबवा, बस. रंग कधीही मारता येतो, कंपनीचा रंग परत कधीच येत नाही. दोन, अर्धीमुर्धी, रंग बदललेला पण पत्रा आणि पार्ट शाबूत. सोलापुरात जास्त हीच सापडते आणि खरी मजा हिच्यातच आहे. तिसरी आधीच कापलेली, तिचं शेवटी सांगतो.

दुसऱ्या प्रकारच्या गाडीला काय काय करता येतं? चाकं सगळ्यात सोपी. अलॉय टाकायचे तर पीसीडी (नटबोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप), मधलं भोक आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते) मोजून घ्या, नुसतं बसतंय म्हणून घेऊ नका, कारण पूर्ण स्टिअरिंग वळवून चार माणसं बसवल्यावर टायर कमानीला घासला तर मिस्त्री पहिलं काय सुचवणार, कमान थोडी कापू. नाही कापायची. रिम बदला. ओरिजिनल लोखंडी रिम आणि व्हीलकॅप विकून टाकू नका, ऑइलचा हात मारून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. काढलेल्या प्रत्येक पार्टचं हेच, ग्रिल, बॅज, डिकीवरचं नाव, जुनं स्टिअरिंग, पिशवीत घाला, वर चिठ्ठी, सोबत त्याचेच स्क्रू. गॅरेजात सोडलं की ते गेलं समजा.

पट्टे पाहिजेत तर व्हिनाइलचे. बोनेटवरचे ते दोन रुंद पट्टे कॅरोल शेल्बीनं बनवलेल्या १९६५ च्या मस्टँगवर पांढऱ्यावर निळे होते, म्हणून ते पांढऱ्या गाडीवर शोभतात, चॉकलेटी कॉन्टेसावर लाल पट्टे म्हणजे मला तरी वरातीची गाडी वाटते, पण ज्याची त्याची आवड. पूर्ण गाडीला रॅप करायचं, म्हणजे रंगाऐवजी व्हिनाइल चिकटवायचं असेल तर कास्ट व्हिनाइल मागा, स्वस्तातलं कॅलेंडर्ड व्हिनाइल आपल्या उन्हात आकसतं, कडा उचलतात. बोनेट आणि टपाचं आयुष्य बाजूंपेक्षा कमीच धरा, ऊन सरळ तिथंच बसतं. आणि खालचा रंग लोकल, कच्चा असेल तर रॅप काढताना रंगही सोबत निघतो, म्हणून आधी एका कोपऱ्यात टेप चिकटवून झटकन ओढून बघा.

आतलं करायला मात्र सोलापूरसारखं गाव नाही. लोक पुण्याहून लाल-काळं चिकट लेदरेट आणून बसवतात आणि उन्हाळ्यात पाठ भाजून घेतात. काय करायलास बे, गावात जीआय, म्हणजे गावच्या नावाचा सरकारी शिक्का मिळालेली चादर असताना? जाड सुती जकार्ड चादर, दोन्ही बाजूंनी नक्षी, हिचं सीट कव्हर एक नंबर होतं. फक्त चादर आणली की कापायची नाही, आधी दोनदा धुवा, सुती आहे, आकसणार, आणि गडद रंग असला तर पहिल्या पाण्यात रंग सोडणार. वाळल्यावरच माप. शिवणाऱ्याला सांगा की ओरिजिनल रेक्झिन उसवायचं नाही, त्याच्यावरून नाडी आणि इलॅस्टिकवर बसणारं कव्हर पाहिजे, आणि कडेला आतून पायपिंग द्यायला लावा नाहीतर उतरता-चढताना काठ विरतो. पुढच्या सीटला साधी चौकटीची घ्या, मोठी नक्षी मागच्या सीटवर पसरून दिसते. एका बाजूनं फिकी पडली की नवीन शिवताना उलटी बाजू वर. एकेकाळी पुढाऱ्यांच्या गाडीत सीटवर पांढरा टॉवेल असायचा तोही टाकायचा तर आपल्याच गावचा टेरी टॉवेल आहे. हे सगळं अर्ध्या तासात काढता येतं आणि खाली ओरिजिनल सीट जसंच्या तसं.

अमेरिकेत याच्यासारखी एक पद्धत आहे, डे टू म्हणतात. म्हणजे गाडी शोरूममधून आणली आणि दुसऱ्याच दिवशी मालकानं त्या काळातले रिम, एक्झॉस्ट, गेज लावले, तशीच आज सजवायची, फक्त त्या काळात मिळणारंच सामान वापरून. कॉन्टेसाला हे फार छान लागू पडतं, पिवळे फॉग लाइट, कॅसेट प्लेयर, लाकडी गिअर नॉब. मॅट ब्लॅकपेक्षा याला माझं मत.

रंगच मारायचा ठरला तर दिवस बघून मारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उन्हाळ्यात थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला, मग संत्र्याच्या सालीसारखा दाणा येतो. तेव्हाच करायचं असेल तर स्लो थिनर वापरायला सांगा. पावसाळ्यात दमटपणानं पांढुरका धुरकट थर येतो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडं असो नाहीतर होटगी रोडला, रंगकामाचा बंद बूथ नसलेल्या गॅरेजात काम असेल तर खाली फरशीवर पाणी मारून घेतल्याशिवाय गन हातात घेऊ देऊ नका, आपली धूळ माहितीय. आणि लांबी किती भरतोय ते रोज जाऊन बघा. सडलेल्या पत्र्यावर लांबी म्हणजे दोन पावसाळ्यांचा खेळ, सडलेलं कापून नवीन पत्रा जोडायलाच लागतो, इथं वेल्डिंगला माझी ना नाही.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच परत ठणकावलंय. म्हणून इंजिन बदलणं, बॉडी कापून आकार बदलणं हे परवानगीशिवाय नाही. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळं पांढऱ्याची काळी केली, मग ती रॅपनं का असेना, तर आरटीओत अर्ज करून नोंद करून घ्या. कंपनीचाच रंग परत मारला तर ही कटकटच नाही. इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. काळी फिल्म नको, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड जायलाच पाहिजे. एमएच-१३ ची फॅन्सी पाटी पण विसरा, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आहे.

अजून एक, २०२१ च्या नियमानं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसला तरच. १९८४ ची कॉन्टेसा २०३४ ला तिथं पोचते. म्हणजे आज सनरूफसाठी टप कापला की तो रस्ता स्वतःच्या हातानं बंद. बोनेटमध्ये भोक पाडून स्कूप (हवा आत घेणारा उंचवटा) बसवणं, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं हेही त्याच यादीत, आणि कापलेल्या स्प्रिंगवर आपल्या रस्त्यांवरून गाडी हाणून बघा, दुसऱ्या स्पीडब्रेकरला कळतं.

आणि ती तिसरी, आधीच कुणीतरी कापलेली. तिला परत ओरिजिनल करायच्या नादात पैसे घालू नका, तेवढ्यात दुसरी धड गाडी येईल. आधीच्यानं केलेले बदल आरसीवर चढलेत का ते घेताना बघा, नसले तर ते निस्तरून मगच पैसे द्या. जॅकवर उचलून खालून वेल्डिंगचे जोड बघा, चॅसीच्या जोडावर हातोडीनं हलकं ठोका, खणखणीत आवाज यायला पाहिजे, भद्द आला तर आत सडलंय. ते पक्कं करून घेतलं आणि कागद साफ असले की मग मॅट ब्लॅक मारा, पट्टे ओढा, काय पाहिजे ते करा, कुणाला विचारत बसू नका.