पाइनच्या भुंगेऱ्यांवरची नवी बुरशी : नाव देण्याआधी या चुका टाळा

पाइनची साल पोखरणारे भुंगेरे झाडात एकटे शिरत नाहीत. त्यांच्या अंगावर, काही जातींत शरीरातल्या खास खळग्यांत, बुरशीचे बीजाणू असतात. भुंगेरा आत गेला की तेही लाकडात रुजतात आणि लाकूड निळसर-करडे पडते. अशा बुरशींच्या नव्या प्रजाती आजही सापडतात. मात्र सापडलेली बुरशी नवी आहे, हे सिद्ध करताना पुष्कळ ठिकाणी पाय घसरतो.

सगळ्यात मोठी गफलत वाहकाबद्दल होते. भुंगेऱ्यापासून बुरशी वाढली, म्हणजे ती भुंगेऱ्याचीच सोबतीण, असे लगेच लिहून टाकू नका. अमेरिकेच्या आग्नेय भागात पाइनवर येणाऱ्या डेन्ड्रोक्टोनस फ्रंटॅलिसचे उदाहरण पाहा. या भुंगेऱ्याची मादी आपल्या खळग्यात जी बुरशी जपते ती वेगळीच. ऑफिओस्टोमा मायनस ही निळा डाग पाडणारी बुरशी पसरवण्यात भुंगेऱ्याच्या अंगावर चढून फिरणाऱ्या टार्सोनेमस माइट्सचा (कोळ्यांच्या नात्यातल्या, आठ पायांच्या अतिसूक्ष्म जीवांचा) मोठा हात असतो. शिवाय ती जिथे फोफावते तिथे भुंगेऱ्याच्या अळ्या नीट वाढत नाहीत. सोबतीण कसली, ती तर वैरीण! म्हणून माइट्स सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढून त्यांची कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) स्वतंत्र लावा. प्रत्येक भुंगेरा स्वतंत्र नळीत ठेवा. एकाच बाटलीत कोंबले तर बीजाणू एकमेकांना लागतात आणि मग कोणावर काय होते ते कळायचा मार्गच उरत नाही.

बुरशी वाढवायच्या प्लेटवर नुसती पेनिसिलियम किंवा ट्रायकोडर्मा या सर्वत्र आढळणाऱ्या बुरशी येत असतील, तर भुंगेऱ्याने सालीत पोखरलेला बोगदा बहुधा जुना आहे. ताजा हल्ला झालेले झाड शोधा. माध्यमात, म्हणजे बुरशीच्या खाद्यात, सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीरोधक घातल्याने ही आगंतुक गर्दी कमी होते, कारण ऑफिओस्टोमा आणि लेप्टोग्राफियम या भुंगेऱ्यांसोबतच्या बुरशी ते सहन करतात. पण सेराटोसिस्टिस आणि तिच्या जवळच्या बुरशींना ते सोसत नाही. फक्त हेच माध्यम वापरले तर त्या तुम्हाला कधी दिसणारच नाहीत, आणि त्या तिथे नव्हत्या असा निष्कर्ष कागदावर उतरेल. सायक्लोहेक्झिमाइड नसलेले साधे माल्ट अगार हे माध्यमही सोबत लावाच.

तापमानाचेही तसेच. माउंटन पाइन बीटल या दुसऱ्या भुंगेऱ्यासोबतची ग्रोस्मानिया क्लाव्हिजेरा थंडाव्यात, तर ऑफिओस्टोमा मॉन्टियम उबेत वरचढ ठरते. सगळ्या प्लेट्स एकाच तापमानाला ठेवल्या तर एक बाजू झाकली जाते.

फक्त आयटीएसवर विसंबू नका. डीएनएचा हा तुकडा बुरशी ओळखायला सर्रास वापरतात, पण या गटात जवळच्या प्रजाती त्यावरून वेगळ्या पडतीलच असे नाही. लेप्टोग्राफियम लाँगिक्लाव्हाटम ग्रोस्मानिया क्लाव्हिजेराशी इतकी मिळतीजुळती आहे, की त्याच माउंटन पाइन बीटलवरची ही बुरशी स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवली जायला २००५ उजाडले. बीटा-ट्युब्युलिन, टीईएफ आणि कॅल्मोड्युलिन ही जनुकेही पाहा. वेगवेगळ्या नमुन्यांचे डीएनए क्रम एकाखाली एक लावताना बीटा-ट्युब्युलिनची जुळणी विस्कटलेली दिसली तर आधी इंट्रॉन (जनुकातले, प्रथिनात न उतरणारे तुकडे) तपासा. ते सगळ्या गटांत सारखे नसतात, आणि डोळे झाकून केलेल्या जुळणीतून वंशवृक्षावर खोटी ‘नवी’ फांदी उगवते.

मेलेल्या झाडात बुरशी मिळाली म्हणून झाड तिनेच मारले, असेही म्हणू नका. निळा रंग तंतूंमधल्या मेलॅनिनमुळे दिसतो. तो मारकपणाचा पुरावा नव्हे. त्यासाठी निरोगी झाडांत बुरशी टोचून, शेजारी नुसत्या माध्यमाची टोचणी ठेवून, पुन्हा तीच बुरशी वेगळी काढावी लागते.

शेवटी कागदपत्रे. २०१२ पासून नव्या प्रजातीचे वर्णन लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत चालते. २०१३ पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीकोशाचा क्रमांक नसेल तर नाव वैध ठरत नाही. मूळ नमुना (ज्याला ते नाव कायमचे जोडले जाते तो) म्हणून वाढते कल्चर चालत नाही. वाळवलेले किंवा चयापचय कायमचा थांबवलेले कल्चर द्या आणि तसे शब्दांत लिहा. जिवंत कल्चर एकाहून अधिक संग्रहांत ठेवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला शंका आली तर त्याला तीच बुरशी पुन्हा वाढवून पाहता येईल.