शंभराचा प्लॅन तीनशेवर नेताना

गेल्या महिन्यात मुलुंडच्या घरी इंटरनेटचा १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन ३०० वर नेला. कंपनीने फोनवर सांगितलं, "दोन तासांत होईल सर." झालंही. पण लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावली की आकडा ९४ वरच अडून बसायचा.

असा ९०-९५ वर अडकलेला आकडा दिसला की कंपनीशी भांडण्याआधी वायर बघा. राउटरला लावायच्या लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० पर्यंत चारच पुरतात, त्यापुढच्या गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात. आमच्याकडे आधीच्या वायरमनने चारच जोडल्या होत्या. उरलेल्या चार कापून टेपखाली दडवलेल्या! आठही तारा जोडून नवा जॅक लावला आणि आकडा २८० च्या वर गेला. तारा ठीक असतील तर राउटरचा पोर्ट (केबल खुपसायची जागा) १०० चाच आहे का, ते तपासा.

वायफायवर एवढा स्पीड हवा असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. ते भिंतीपलीकडे लवकर दमतं, म्हणून राउटर टीव्हीमागे कोंबू नका. आमच्या सासूबाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तोही काढला. (रुसवा दोन दिवस टिकला.)

फायबर नव्याने येणार असेल तर भिंतीला भोक पडणार, आणि फायबर ज्याला जोडतात त्या डब्यासाठी प्लग पॉइंट जवळ हवा. फायबरची बारीक वायर दारात चेमटू देऊ नका. डब्यावर लॉसचा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा.

बिलात १८ टक्के जीएसटी धरा: ७९९ चे ९४३ होतात.