मेंढ्यांचे नमुने घ्यायला निघताना

पुरंदर, बारामती, दौंडकडच्या एखाद्या वाड्यावरून फोन येतो, ‘मेंढ्यांना हगवण लागलीय, नाकाला शेंबूड आहे’, आणि आपला हात आधी बर्फाच्या डब्याकडे जातो. जाऊ द्या, तो लागतोच. पण त्याआधी थर्मामीटर पिशवीत टाका. मागच्या वेळी माझा तोच राहिला आणि सगळे नमुने वाया गेले.

थर्मामीटर नसला की आपण सगळ्यात आजारी दिसणारी मेंढी धरतो. खंगलेली, शेपटीखाली घाण चिकटलेली, मान टाकलेली. पीपीआरच्या, म्हणजे मेंढ्या-शेळ्यांच्या ताप-हगवणीच्या विषाणूजन्य आजाराच्या तपासणीला नेमकी तीच कमी उपयोगाची. हा विषाणू डोळ्याच्या आणि नाकाच्या स्रावात भरपूर सापडतो तो सुरुवातीच्या तापाच्या दिवसांत. हगवण जुनी होईपर्यंत ताप उतरणीला लागलेला असतो, अंगात प्रतिपिंडं तयार होत असतात आणि स्वॅबमधला, म्हणजे स्राव टिपायच्या काडीवरचा विषाणू कमी होतो. मग अँटिजेन एलायझा, म्हणजे विषाणूचे अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी, निगेटिव्ह येते, मेंढपाळाला वाटतं आजार दुसराच आहे, आणि तापाला नुकती लागलेली शेजारची मेंढी बाजारात जाते. हवी असते ती अजून चरणारी, डोळे पाणावलेली, अंगात १०४ फॅरनहाइटच्या वर ताप असलेली. निरोगी मेंढीचं तापमान १०२-१०३ च्या आसपास असतं, त्यामुळे लोकरीवर हात ठेवून हा फरक कळत नाही. थर्मामीटर लागतो. दोन घ्या. एक फुटतो किंवा बॅटरी संपते.

सकाळी, कळप वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून सुटायच्या आत पोचा. आदल्या संध्याकाळीच मेंढपाळाला सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत सोडू नका.’ उन्हात चालून आलेल्या मेंढीचं अंग असंही तापतं, मग ते आकडे काय कामाचे? थर्मामीटर गुदाच्या भिंतीला टेकवून मिनिटभर धरा, प्रत्येक मेंढीनंतर निर्जंतुक करा, आकडा तिथल्या तिथे लिहा.

हातमोजे, चिकटपट्टी, पाण्याने न पुसणारं पेन: हे सांगायला नको. हातमोज्यांबद्दल एवढंच, की ओठांवर खपल्या असतील तर तो मावा नावाचा विषाणूजन्य आजार असू शकतो आणि तो माणसाच्या हातालाही होतो. प्रत्येक मेंढीला नवा जोड.

रक्ताच्या दोन नळ्या. जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची (हे रसायन रक्त गोठू देत नाही), विषाणू शोधायला; लाल झाकणाची सीरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यासाठी, ज्यात प्रतिपिंडं तपासतात. लाल नळी तिरकी ठेवून गोठू द्या, गाडीत आदळत नेलीत तर पेशी फुटून सीरम लाल होतं. ईडीटीएचं रक्त थंड ठेवा पण गोठवू नका, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर चिलटं वाढल्यावर, ओठ सुजलेल्या, लंगडणाऱ्या मेंढ्या दिसत असतील तर. ती नीलजिव्हेची (ब्लूटंग, चिलटांमुळे पसरणारा आजार) लक्षणं असू शकतात; तिचा विषाणू लाल पेशींना चिकटून असतो, गोठवल्यावर त्या फुटतात. या आजारात ताप उतरल्यावरही रक्तात तो बरेच दिवस सापडतो, म्हणून इथे थोडी उसंत मिळते. पीपीआरमध्ये मिळत नाही. थर्मामीटर.

स्वॅब प्लास्टिकच्या काडीचे घ्या, लाकडी नकोत. मेंढ्यांच्या देवीच्या गाठी असतील तर खपली किंवा गाठीचा तुकडा. तिचा विषाणू चिवट, खपलीत टिकून राहतो. लाळ्या खुरकूत मेंढीत सौम्य असते, नुसती लंगडते, तेव्हा तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात नीट पाहा. फोडाच्या सालीसाठी लागणारी ग्लिसरीन बफरची बाटली प्रयोगशाळेतून आधीच मागून आणा, ती वाड्यावर मिळणार नाही.

लसीकरण विचारल्याशिवाय सीरमला हात लावू नका. सुंगरी ९६ वाण असलेली पीपीआरची लस टोचल्यावर जी प्रतिपिंडं येतात ती आजाराने आलेल्यांपासून एलायझात वेगळी ओळखता येत नाहीत. लस न टोचलेल्या कळपात दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या जोडीच्या सीरमला अर्थ आहे, एकाच सुट्या नमुन्याला फारसा नाही.

अचानक मेलेली आणि नाकातून, गुदातून रक्त आलेली मेंढी कापू नका. फाशीची (अँथ्रॅक्सची) शंका आधी फेडायची, पशुवैद्यकाकडून. बाकी ताज्या मेलेल्या मेंढीचे आतड्याजवळच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, फुप्फुस यांचे तुकडे बर्फाच्या डब्यात. तेच थोडे फॉर्मॅलिनमध्ये, पण स्वॅबपासून लांब.

फॉर्मवर लिहा: किती आजारी, किती मेल्या, वय, लस कधी, चाकणच्या बाजारातून नवी जनावरं आणली का. आणि तापाचा आकडा, प्रत्येक नळीच्या क्रमांकासमोर. ती जागा रिकामी राहिली तर काय विसरलं ते कळेलच.

शुक्रवारी नमुने घेऊ नका. पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत आधी फोन करून मगच निघा. बर्फ नळ्यांना थेट टेकू देऊ नका. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यात पीपीआर, देवी, नीलजिव्हा हे तिन्ही अनुसूचित आजार आहेत, शंका आली तरी ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन लागतो. निकाल येईपर्यंत कळप हलवू नका, नवं जनावर आत नको. बूट तिथेच धुवा. थर्मामीटरही धुवा आणि लगेच परत पिशवीत टाका.