चाकं काळीकुट्ट झाली आहेत? घासायला बसण्याआधी या चुका टाळा

ठाण्याच्या घोडबंदर रोडने रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या गाडीची पुढची चाकं बघा आणि मग मागची. चारही चाकं एकाच रस्त्याने, एकाच पावसातून आलेली असतात, तरी पुढची काळीकुट्ट आणि मागची त्या मानाने बरी दिसतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो आणि जास्तीचं काम पुढचे ब्रेक करतात. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क, म्हणजे उघडी तबकडी, आणि मागे ड्रम, म्हणजे बंद डबा असतो. ड्रममधला भुगा बराचसा आतच राहतो. डिस्क आणि तिला दाबून धरणारे पॅड घासून निघालेला भुगा मात्र थेट रिमवर येऊन बसतो. त्यात बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) डिस्कचे लोखंडी कण असतात, तेही तापलेले. ते रिमच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात रुततात, खाडीकाठच्या दमट, खारट हवेत गंजतात आणि मग साबणाने कितीही घासा, तांबूस ठिपके जागचे हलत नाहीत.

इथे माणूस वैतागतो आणि हाताला लागेल ते उचलतो. डाग पडलेल्या, पांढुरक्या झालेल्या ज्या रिम्स सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसतात, त्यातल्या कितीतरी रस्त्याने खराब केलेल्या नसतात. त्या साफ करतानाच बिघडलेल्या असतात. म्हणून आधी घाण कसली आहे ते ओळखा. चिखल पाण्याने सुटतो, तेलकटपणा शाम्पूने, ब्रेकचा भुगा आयर्न रिमूव्हरने आणि डांबर टार रिमूव्हरने. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, मग जोर लावायची वेळ येते.

बाथरूममधली बाटली चाकाजवळ आणू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. स्वयंपाकघरातली चिमणी साफ करायच्या द्रावणांत बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो. अलॉय व्हील म्हणजे मुळात अॅल्युमिनियम, आणि अॅल्युमिनियमला आम्लही सोसत नाही, कॉस्टिक सोड्यासारखी अल्कलीही सोसत नाही. वरचं लॅकर शाबूत असेल तोवर थोडंफार निभावतं. पण फुटपाथला घासून एक ओरखडा पडला असेल, तर रसायन तिथून आत शिरतं. रिमवर दुधाळ डाग येतो, आणि तो पुसून जाणारा डाग नसतो. ती धातूची झीज असते, मग पुन्हा रंगवून घेण्यावाचून उपाय राहत नाही. शिवाय तेच पाणी नटांवर, डिस्कवर आणि बॅलन्सिंगच्या वजनांवर (चाक समतोल फिरावं म्हणून रिमला लावलेल्या छोट्या तुकड्यांवर) ओघळतं. आम्लाचं क्लीनर आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

वॉशिंग सेंटरवर लेबल नसलेल्या कॅनमधून फवारा मारत असतील, तर आत काय आहे ते विचारा. क्षणात चाक चकचकीत करणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. पातळ केलेलं हे आम्ल अंगावर उडालं, तर लगेच आग होईलच असं नाही, पण ते कातडीतून खोल हाडापर्यंत पोचू शकतं. तिथे काम करणारी मुलं बहुधा उघड्या हातांनी हे हाताळत असतात. आपल्या रिमपेक्षा त्यांच्या हातांसाठी तरी नको म्हणा.

भुगा घासून काढायचा नसतो, विरघळवायचा असतो

रिम धुऊन कोरडी करा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि रिमवरून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटलेली रिम पिशवीतून पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली, तर लोखंडाचे कण आत रुतलेले आहेत. इथे तारेची घासणी किंवा भांड्यांची हिरवी घासणी चालवली, तर कण तिथेच राहतात आणि लॅकरवर बारीक ओरखडे उमटतात. पुढच्या वेळी घाण त्याच ओरखड्यांत आणखी घट्ट बसते.

याला उपाय आयर्न रिमूव्हर. बाटलीवर पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलं आहे ना, तेवढं बघून घ्या. चाक गार हवं आणि सावलीत हवं. आधी चिखल धुऊन काढा, नाहीतर औषध चिखलावरच खर्ची पडतं. मग फवारा. मिनिटाभरात चाकावरून जांभळे ओघळ उतरू लागतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं, त्याचा तो रंग. वास मात्र कुजक्या अंड्याचा येतो, म्हणून बंद बेसमेंटमध्ये हे काम नको. हातमोजे घाला. बाटलीवर सांगितलेला वेळ द्या, पण वाळू देऊ नका. मऊ ब्रशने आऱ्यांच्या कडा आणि नटांचे खळगे फिरवून घ्या आणि भरपूर पाण्याने धुवा. ठिपके उरले तर दुसरा हात द्या. जोर वाढवू नका. एका वेळी एकच चाक घ्या, चारही चाकांवर फवारून ठेवलं की चौथ्यापर्यंत पोचेतो पहिलं वाळतं.

आमच्या सोसायटीत पाइप लावायला मनाई आहे, अशी अडचण बरेच जण सांगतात. झाडांवर फवारणी करायचा दोन लिटरचा हातपंप नर्सरीत किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो आणि एक बादली यात एक चाक निघतं.

पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या दादांना चाकांसाठी वेगळा फडका आणि वेगळी बादली आपणहून आणून द्या. एका बादलीत वीस गाड्या उरकायच्या असल्या की चाकाचा फडका बॉनेटवर फिरणारच, आणि त्यातली खडीची कच रंगावर रेघा ओढते. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही.

तापलेल्या चाकावर गार पाणी

गायमुखचा घाट उतरून किंवा शिळफाट्याच्या कोंडीतून ब्रेक मारत मारत घरी आलात, की डिस्क प्रचंड तापलेली असते. त्यावर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकडी होण्याचा धोका असतो, आणि क्लीनर तर लागताक्षणी वाळून डाग धरतो. अर्धा-पाऊण तास थांबा.

रॉकेल, डांबर आणि प्रेशर गन

पावसाळ्यात खड्डे बुजवले की डांबराचे काळे थेंब रिमवर आणि दरवाजाखाली चिकटतात. रॉकेलने ते निघतात खरे, पण रॉकेल टायरच्या रबराला खातं आणि डिस्कवर उडालं तर ब्रेकची पकड जाते. टार रिमूव्हर कापडावर घ्या, थेंबावर थोडा वेळ दाबून धरा आणि पुसा. डिस्कवर कुठलंही तेल, ग्रीस किंवा टायर पॉलिश जाता कामा नये. पॉलिश टायरच्या बाजूवर स्पंजने लावा, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर अजिबात नको.

प्रेशर गन टायरपासून फूटभर तरी लांब धरा. जवळून मारलेली धार टायरची बाजू कापू शकते. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही तिने निघून पडतात.

स्टीलच्या चाकांवर व्हील कॅप असेल तर ती काढून धुवा. मागे साठलेला चिखल महिनोन् महिने ओला राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाड्यांमध्ये तर लाल मातीचा थरच निघतो.

धुऊन झालं की गाडी तशीच लावून ठेवू नका. सोसायटीला एक फेरी मारा आणि हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क आणि मागच्या ड्रममधले लायनर (ब्रेकच्या घासपट्ट्या) कोरडे होतात. सकाळी डिस्कवर दिसणारा पिवळसर गंज वरवरचा असतो, पहिल्या काही ब्रेकमध्ये जातो. पण ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ठेवली, तर लायनर चिकटून बसू शकतात. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

धुतल्यावर काही वेगळं दिसलं तर

इथे घाई करू नका, कारण चाकावरची घाण आतल्या बिघाडाची खबर देते.

पुढच्या दोन चाकांपैकी एकच चाक पुन्हा पुन्हा जास्त काळं होत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असण्याची शक्यता आहे, म्हणजे पॅड डिस्कला घासतच राहतो. पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर, फारसे ब्रेक न मारता गाडी चालवून आलात की दोन्ही चाकांजवळ हात न्या, स्पर्श न करता. एका बाजूला जास्त धग लागली तर गॅरेज गाठा.

रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे गोल शिंतोडे दिसले, तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरचा रबरी बूट फाटला असेल. लवकर लक्षात आलं तर नुसता बूट बदलून भागतं. चिखलपाणी आत गेलं की जॉइंट खराब होतो आणि वळताना टकटक आवाज येऊ लागतो.

धुतल्यानंतर ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरू लागलं, तर रिमच्या आत सुकलेला चिखल राहिला आहे का ते पाहा, नाहीतर वजन निघाल्याची चौकोनी खूण शोधा. खूण दिसली तर टायरवाल्याकडून बॅलन्सिंग करून घ्या.

टायर तपकिरी दिसतोय म्हणून घाबरू नका. रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेलं रसायन बाहेर येऊन तसं दिसतं. लॅकरखाली पांढऱ्या, वळवळत्या रेषा दिसत असतील, तर गंज आत शिरलाय. तो धुऊन जाणार नाही, रिम पुन्हा रंगवून घ्यावी लागेल.

आणि रिमच्या आत किंवा टायरच्या बाजूला तेलकट ओलेपणा दिसला, तर ते पुसून मोकळे होऊ नका. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती खाली गेली असेल, तर गाडी अजिबात चालवू नका. मेकॅनिकला पार्किंगमध्येच बोलवा, नाहीतर टो करून पाठवा.