यीस्टमधल्या प्रतिपिंडाचं पेटंट: ‘हे तर उघडच होतं’ हे कसं दाखवायचं

एखादी गोष्ट त्या क्षेत्रातल्या जाणकाराला आधीच उघड होती असं दाखवता आलं, तर तिच्यावरचं अमेरिकी पेटंट रद्द होऊ शकतं. यीस्टच्या पेशीत प्रतिपिंड (अँटिबॉडी) जुळून तयार होतो हे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. १९८८ पर्यंत सॅकरोमायसिस या नेहमीच्या यीस्टनं अख्खा कायमेरिक (उंदीर आणि माणूस यांच्या भागांचा) प्रतिपिंड पेशीबाहेर सोडलाही होता. त्यामुळे ‘यीस्टमध्ये प्रतिपिंड’ एवढ्या दाव्यात (पेटंटात नेमकं काय राखून ठेवलंय ते सांगणाऱ्या वाक्यात) काही दम नाही. अमेरिकेतला वाद पेटतो तो दाव्यातल्या बारीक अटींवर.

म्हणून आधी दावा तोडा. यजमान (प्रतिपिंड बनवणारी पेशी) पिकिया हे दुसरं यीस्ट आहे का, प्रोमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) कोणता, जनुकाच्या प्रती किती, तापमान, उत्पादन, शुद्धता: प्रत्येक अटीसमोर जुना लेख आणि त्याचं पान लिहा. उत्पादनाचा आकडा ही सगळ्यात फसवी अट. लेखात आकडाच नसेल, तर ‘ती कृती केली की तेवढं उत्पादन निघतंच’ हे सिद्ध करावं लागतं. ‘बहुधा निघेल’ इथे चालत नाही.

मग तारीख. मूळ अर्जात त्या अटीला लेखी आधार नसेल तर दाव्याची प्राधान्य तारीख (जिच्या आधीचे लेख दाव्याविरुद्ध वापरता येतात ती) पुढे सरकते, आणि त्याआधी वर्षाहून जुना असलेला पेटंटच्या मालकाचा स्वतःचा लेखही त्याच्यावरच उलटतो. हे तपासायला लोक हमखास विसरतात.

यानंतरचं काम किचकट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर दोन लेख जोडण्याचं कारण लेखातच छापलेलं असावं लागत नाही. पण जोडल्यावर यश मिळेल अशी वाजवी अपेक्षा होती का, हा प्रश्न वेगळा, आणि बहुतेक आव्हानं इथेच अडखळतात. आयजीजीत, म्हणजे नेहमीच्या अख्ख्या प्रतिपिंडात, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या जुळायला हव्यात. हलकी कमी पडली की जड साखळी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या भागात) अडकून राहते. शिवाय यीस्ट प्रतिपिंडाला मॅनोज या साखरेच्या लांबलचक साखळ्या चिकटवतं. म्हणून एकसाखळी तुकड्याचं (प्रतिपिंडाच्या एकाच साखळीत जोडलेल्या छोट्या भागाचं) यश दाखवून अख्ख्या आयजीजीबद्दल बोलू नका. समोरचा वकील तेवढ्यावरच तासभर काढेल. त्याच यजमानातला, त्याच स्वरूपाच्या प्रतिपिंडाचा डेटा आणा. १९८८ च्या त्या प्रतिपिंडानं रोगप्रतिकारक पेशींच्या मदतीनं लक्ष्यपेशी मारल्या, पण कॉम्प्लिमेंटच्या (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या) वाटेनं नाही. हा लेख दोन्ही बाजू वापरू शकतात.

तापमान किंवा प्रतींच्या संख्येचा पल्ला जुन्या पल्ल्याशी जुळत असेल तर काम सोपं: अनपेक्षित परिणाम दाखवण्याचा भार मालकावर येतो. ती तुलना सगळ्यात जवळच्या जुन्या पद्धतीशी हवी, मुद्दाम निवडलेल्या टाकाऊ पद्धतीशी नाही. बाजारातल्या यशाचा दाखला दिला तर ते यश दाव्यातल्या अटीमुळेच आलं का, हे विचारा. पिकियात बनणाऱ्या एप्टिनेझुमॅब या प्रतिपिंड-औषधाला २०२० मध्ये मंजुरी मिळाली, पण रुग्ण ते घेतो अर्धशिशीसाठी, यीस्टसाठी नव्हे.

मंचाचा हिशेबही करा. पेटंट कार्यालयातल्या इंटर पार्टीज रिव्ह्यूत (दिलेल्या पेटंटाला तिथेच आव्हान देण्याच्या प्रक्रियेत) पुराव्याचं पारडं जड झालं की पुरतं. न्यायालयात स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो. मात्र रिव्ह्यूत फक्त पेटंटं आणि छापील प्रकाशनं चालतात, अर्ज १४,००० शब्दांत बसवावा लागतो आणि न्यायालयातल्या खटल्याची नोटीस मिळाल्यापासून वर्षभरात तो करावा लागतो.

जुना प्रयोग प्रयोगशाळेत पुन्हा करणार असाल तर स्ट्रेन (यीस्टचा वाण), व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा डीएनए) आणि वाढीचं माध्यम त्या काळातलंच घ्या. आजचा सुधारलेला स्ट्रेन वापरलात, तर आलेलं उत्पादन जुन्या लेखाचं नाही, असं म्हणत समोरचा सगळा डेटा उडवून लावेल.